ट्वीटर वाजत नाही: घरच्या स्टिरिओ स्पीकरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वूफर (खालचा आवाज काढणारा मोठा स्पीकर) छान वाजतोय, पण ट्वीटरचा वरचा बारीक आवाज गायब, अशा तक्रारीवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे तीन-चार प्रश्न खोका न उघडता सुटणारे आहेत. ते आधी वाचा, मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

१. ट्वीटर खरंच बंद आहे की मलाच ऐकू येत नाही, हे कसं ओळखायचं?

बंद ट्वीटरचा स्पीकर गप्प होत नाही, तो घोंगडी पांघरल्यासारखा वाजतो. गाणं कळतं, पण टाळ, घुंगरू, झांज मागे जातात आणि गायकाचे 'स' आणि 'श' बोथट होतात. किचन फॉइलची रिकामी पुठ्ठ्याची नळी एका टोकाला कानाशी आणि दुसऱ्या टोकाला ट्वीटरसमोर धरा. आवाज अगदी कमी ठेवून सरसर असा व्हाइट नॉइज लावा. चांगल्या ट्वीटरमधून स्पष्ट सरसर येते. बंद ट्वीटरसमोर खालच्या वूफरचा दबका आवाज तेवढा पोचतो.

५ किलोहर्ट्झचा टोन लावून निष्कर्ष काढू नका. बऱ्याच स्वस्त टू-वे स्पीकरमध्ये वूफरही तिथपर्यंत वाजतो. १० किलोहर्ट्झ लावा, पण हळू आणि दोन-तीन सेकंदच. सलग शुद्ध टोन ट्वीटरला गाण्यापेक्षा फार जड जातो. शिवाय पन्नाशीनंतर बहुतेकांना १२ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येणं कमी होतं. म्हणून 'हा टोन येतो का' असं न विचारता 'डाव्या-उजव्यात फरक आहे का' हे बघा.

२. एकाच बाजूचा ट्वीटर बंद आहे. सुरुवात कुठून करू?

अ‍ॅम्प्लिफायर बंद करा. मग अ‍ॅम्पच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायर आपसांत बदला आणि पुन्हा हळू आवाजात लावा. दोष त्याच खोक्यात राहिला तर खोक्यात बिघाड आहे. दोष दुसऱ्या खोक्यात गेला तर अ‍ॅम्प, टोन कंट्रोल किंवा फोन-सीडीकडून येणारा सिग्नल तपासा. सगळी वायर बदलायला सांगणारे भेटतील. पण दोनच तारांच्या वायरवर वूफर नीट वाजत असेल तर वायर निर्दोष आहे. एकाच वायरमधून खालचा आवाज जातो आणि वरचा अडतो, असं होत नाही. अपवाद बाय-वायर, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला वेगळ्या तारा नेणाऱ्या जोडणीचा, त्यासाठी प्रश्न ४ पहा.

३. दोन्ही ट्वीटर एकदमच बंद झाले. असं कसं?

दोन वेगळ्या खोक्यांतला सुटा भाग योगायोगाने एकाच दिवशी जात नाही. कारण दोघांना जोडणारं काहीतरी असतं. आदल्या रात्री वाढदिवस, हळद किंवा गणपतीची आरती जोरात वाजली असेल तर दोन्ही ट्वीटरच्या कॉइल (आतले बारीक तारेचे वेढे) जळालेल्या असू शकतात (प्रश्न १०). जोरात काही वाजलं नसेल तर अ‍ॅम्पचं सेटिंग बघा. एव्ही रिसीव्हरमध्ये बाय-अ‍ॅम्प म्हणून, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला वेगवेगळी ताकद देणारा, एक पर्याय असतो. त्यात ट्वीटरचा सिग्नल सराउंड बॅकच्या टर्मिनलवरून येतो. रिसीव्हर फॅक्टरी रीसेट झाला की तो पर्याय जातो आणि तारा जागच्या जागी असूनही दोन्ही ट्वीटर मुके होतात.

४. माझ्या स्पीकरच्या मागे चार टर्मिनल आहेत. त्याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि खोका उघडण्याआधी हे बघितलंच पाहिजे. वरची जोडी ट्वीटरची, खालची वूफरची. एकाच वायरने वाजवायचं असेल तर लाल-लाल आणि काळं-काळं अशा दोन पट्ट्या मध्ये लागतात. सफाईत, घर बदलताना किंवा जुना स्पीकर विकत घेताना या पट्ट्या हरवतात. मग वायर खालच्या जोडीला लावली की ट्वीटरला काही मिळतच नाही. पट्टी असली तरी नट हाताने घट्ट करा. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राच्या दमट हवेने पट्टीवर काळा-हिरवा थर येतो. बारीक सँडपेपरने तो काढा. पट्टी नसेल तर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचे ५-६ सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरतात. बाजारातल्या महागड्या जंपरने ट्वीटर जास्त जिवंत होत नाही.

५. खोका उघडताना काय जपायचं?

अ‍ॅम्पची वायर काढून स्पीकर पाठीवर आडवा करा. जाळी ओढून काढताना एका कोपऱ्यातून जोर न लावता चारही खुंट्या थोड्या थोड्या सैल करा. स्क्रू फिलिप्सचे, ॲलन कीचे किंवा टॉर्क्सचे असतात. चुकीच्या बिटने डोकं खाल्लं की पुढचं काम दुप्पट होतं.

खरा धोका चुंबकाचा. ट्वीटरचं चुंबक डोमच्या (मधल्या हलणाऱ्या घुमटाच्या) अगदी मागे असतं. स्क्रू सुटून वर आला की तो थेट डोमकडे ओढला जातो आणि त्याच्यामागून स्क्रूड्रायव्हरचं टोकही. डोमवर बरणीचं प्लॅस्टिकचं झाकण उपडं ठेवून चिकटपट्टीने धरून ठेवा, मगच स्क्रूला हात लावा. स्क्रू निघाल्यावर ट्वीटर चिकटलेला वाटला तर पट्टीने उचकटू नका. जुना गॅस्केट धरून बसलेला असतो. बऱ्याच स्पीकरमध्ये आधी वूफर काढून आतून हलकं ढकलता येतं. तारा ओढण्याआधी कोणता रंग कुठल्या टर्मिनलला आहे याचा फोटो काढा. कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

परत बसवताना स्क्रू हाताने घट्ट होतील एवढेच आवळा. एमडीएफमधलं (खोक्याच्या दाबीव लाकडी फळीतलं) भोक एकदा खाल्लं की स्क्रू नुसता फिरत राहतो.

६. मल्टिमीटरवर किती ओहम आले म्हणजे ट्वीटर चांगला?

ट्वीटरची किमान एक तार काढून मोजा. हा नियम मोडला की आकडा फसवतो. कितीतरी क्रॉसओव्हरमध्ये (खालचे-वरचे सूर वेगळे करून वूफर-ट्वीटरला वाटणारी आतली पाटी) ट्वीटरला समांतर एक कॉइल असते आणि तिचा रोध अर्धा ओहमच्या आसपास. तारा न काढता मोजलं तर जळालेला ट्वीटरसुद्धा ०.५ दाखवतो आणि माणूस 'शॉर्ट झालाय' म्हणून मोकळा होतो. खोक्याच्या मागच्या टर्मिनलवरून मोजलं तर वूफरचाच रोध दिसतो, कारण ट्वीटरच्या वाटेत कॅपॅसिटर आहे आणि तो डीसी जाऊ देत नाही.

मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा धरा. ८ ओहमचा ट्वीटर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ६ ओहमचा साधारण ४.५ ते ५.५, ४ ओहमचा ३ ते ४. छापलेल्या आकड्यापेक्षा कमी येणं हेच बरोबर, कारण छापलेला आकडा एसी इम्पीडन्सचा आहे. मीटर १ किंवा ओएल दाखवत असेल तर ट्वीटरची कॉइल किंवा तिची बारीक तार तुटली आहे. प्रोब टेकवताना डोममधून 'टिक' असा क्षीण आवाज आला तर ट्वीटर जिवंत आहे. दुसऱ्या बाजूचा ट्वीटरही मोजा. जोडीत अर्ध्या ओहमपेक्षा जास्त फरक असेल तर कमी दाखवणाऱ्यावर संशय घ्या: कॉइलचे काही वेढे आपसांत चिकटले असतील.

पिझो आणि रिबन ट्वीटरला हे आकडे लागू नाहीत, प्रश्न १७ पहा.

७. मल्टिमीटर नाही. पेन्सिल सेलने तपासलं तर चालेल?

साध्या डोम ट्वीटरला चालेल. १.५ व्होल्टचा एक सेल घ्या, तारा सुट्या केलेल्या ट्वीटरला क्षणभर टेकवा आणि लगेच काढा. 'टक' आला की कॉइल शाबूत. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरू नका आणि सेल धरून ठेवू नका.

८. ट्वीटर मीटरवर चांगला आहे, तरी स्पीकरमध्ये वाजत नाही. मग?

मग दोष क्रॉसओव्हरच्या पाटीवर किंवा तारेत आहे. सगळ्यात सोपी खात्री म्हणजे त्याच जागी दुसऱ्या खोक्यातला चालू ट्वीटर जोडून बघणं. तोही मुका राहिला की पाटी बाहेर काढा.

आधी नुसतं डोळ्यांनी बघा. जड कॉइल आणि कॅपॅसिटर स्पीकरच्या हादऱ्याने आपल्याच वजनावर हलतात आणि त्यांच्या पायाशी सोल्डरला गोल भेग पडते. बोटाने भाग हलवला की ती दिसते. अशा ठिकाणी जुनं सोल्डर थोडं काढून नवीन घाला आणि भाग गोंदाने पाटीला पक्का करा. ट्वीटरच्या टर्मिनलवर सरकवलेला चिमटा सैल झाला असेल तर तो पक्कडीने हलका दाबा.

त्यानंतर ट्वीटरच्या वाटेत एका रांगेत असलेले भाग तपासा. सिमेंटचा पांढरा ५ किंवा १० वॅटचा रेझिस्टर तडकलेला असतो आणि मीटरवर ओपन येतो. काही कंपन्या ट्वीटरच्या रक्षणासाठी पॉलिस्विच म्हणजे पिवळी किंवा नारिंगी चकती लावतात. थंड असताना तिचा रोध सहसा एका ओहमच्या आत असावा. जास्त प्रवाहाने तापून ती तुटल्यासारखी होते आणि निवल्यावर परत येते. पण वारंवार तापलेली चकती कायमची बिघडू शकते. काहींमध्ये तिच्याजागी छोटा बल्ब असतो, त्याचा फिलॅमेंट तुटला की ट्वीटर बंद. हे भाग तारेने शॉर्ट करून 'दुरुस्ती' करू नका, पुढच्या वेळी ट्वीटरच जाईल.

उरला कॅपॅसिटर. तितक्याच मायक्रोफॅरडचा चांगला कॅपॅसिटर हातात धरून, हळू आवाजात, संशयिताच्या दोन पायांना समांतर टेकवा. ट्वीटर बोलू लागला तर जुना ओपन आहे. कॅपॅसिटर मात्र तारेने कधीच ओलांडू नका. तो नसेल तर वूफरचा सगळा बेस ट्वीटरच्या बारीक कॉइलवर येतो.

९. कॅपॅसिटर बदलताना कोणता घ्यायचा?

मायक्रोफॅरडचा आकडा आणि व्होल्टेज जुन्याइतकं हवं: घरगुती स्पीकरमध्ये ट्वीटरचा कॅपॅसिटर बहुतेकदा २.२ ते १० मायक्रोफॅरडचा असतो, व्होल्टेज १०० असलं की निश्चिंत. प्रकार नॉन-पोलर, म्हणजे बायपोलर, ज्याला प्लस-मायनस बाजू नसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत 'स्पीकरचा नॉन-पोलर' म्हणून मागा. नाही मिळाला तर दुकानदार १०-१० मायक्रोफॅरडचे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक पाठीला पाठ लावायला सांगतो. त्याचे ५ मायक्रोफॅरड होतात आणि तात्पुरतं चालतं, कायमचं ठेवू नये.

पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घेतला तर तो वाळत नाही, पण आकाराने तिप्पट-चौपट असतो, पाटीवर मावतो का ते आधी बघा. त्याचा अंतर्गत रोध कमी असल्याने ट्वीटर किंचित चढा वाटू शकतो. खटकलं तर ०.३३ किंवा ०.४७ ओहमचा रेझिस्टर रांगेत घाला. दोन्ही खोक्यांतले एकदमच बदला.

१०. माझा स्पीकर १०० वॅटचा आणि अ‍ॅम्प फक्त ३० वॅटचा. तरी ट्वीटर उडाला कसा?

ते १०० वॅट अख्ख्या खोक्याचे आहेत, आणि संगीतातली बहुतेक ताकद खालच्या सुरांत असते हे गृहीत धरून. एक इंचाच्या डोमची कॉइल केसासारख्या तारेची असते. सततचे पाच-दहा वॅट झाले की ती तापून वितळू लागते. नेहमीच्या गाण्यात तिच्या वाट्याला एक-दोन वॅटही येत नाहीत.

३० वॅटचा अ‍ॅम्प त्याच्या कुवतीपलीकडे ताणला की लाटेचे माथे कापले जातात. दोन गोष्टी होतात. कापलेल्या माथ्यांतून नवे उंच सूर तयार होतात आणि ते क्रॉसओव्हर ट्वीटरकडे पाठवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेसचे माथे आणखी वाढू शकत नाहीत, पण व्हॉल्यूम चढवत गेलं की झांज-टाळांचा हळू भाग वाढतच राहतो. त्यामुळे ट्वीटरला मिळणारी सरासरी ताकद कित्येक पट होते. 'क्लिपिंगने डीसी जातो आणि ट्वीटर जळतो' असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. डीसीला कॅपॅसिटर अडवतो.

बेस नॉब हा यातला छुपा गुन्हेगार. १० डेसिबल बेस वाढवणं म्हणजे तिथे दहापट ताकद मागणं, मग ३० वॅट मध्यम आवाजालाच संपतात. घरात गर्दी जमून अ‍ॅम्पचा नॉब तीनच्या काट्यापुढे गेला आणि आवाज कर्कश झाला, तर तो कर्कशपणा हीच सूचना.

११. नवीन ट्वीटर टाकला, तोही महिन्याभरात गेला. आता?

कारण न शोधता भाग बदलला की असंच होतं. प्रश्न १० मधलं ताणणं नसेल तर दोन जागा तपासा. पहिली: कोणीतरी आधी कॅपॅसिटर शॉर्ट केलाय का, किंवा ३.३ च्या जागी १० मायक्रोफॅरडचा लावलाय का. कॅपॅसिटर मोठा झाला की ट्वीटरवर खालचे सूरही येतात. दुसरी: अ‍ॅम्प स्वतःच अतिउच्च वारंवारतेवर ऑसिलेट होतोय का. ते कानाला ऐकू येत नाही. गाणं बंद असताना अ‍ॅम्पचा हीटसिंक चटका बसेल इतका तापतो आणि ट्वीटर शांतपणे जळतो. हे ऑसिलोस्कोपवरच दिसतं, त्यामुळे अ‍ॅम्प मेकॅनिककडे न्या. तोवर त्याला कुठलाही स्पीकर लावू नका.

१२. ट्वीटर मधूनच येतो, मधूनच जातो.

टिचकी मारल्यावर परत येत असेल तर सैल सोल्डर किंवा चिमटा, प्रश्न ८ प्रमाणे बघा. जोरात वाजवल्यावर जाऊन दहा-पंधरा मिनिटांनी परत येत असेल तर पॉलिस्विच आपलं काम करतोय, आवाज कमी करा. तिसरी शक्यता डोमच्या कडेपासून टर्मिनलपर्यंत जाणारी बारीक तार तुटून नुसती टेकलेली असण्याची. ती टर्मिनलपाशी तुटली असेल तरच सोल्डर करण्यात अर्थ आहे: तापलेलं सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही, नाहीतर टर्मिनलचं प्लॅस्टिक वितळतं. काही कॉइल नुसत्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांना साधं सोल्डर धरत नाही. डोमच्या कडेशी तुटली असेल तर प्रश्न १५.

१३. अगदी बंद नाही, पण फार हळू वाजतो.

मागे किंवा समोर 'ट्रेबल' किंवा 'हाय' असा नॉब आहे का? १९६७ च्या एआर-३ए सारख्या जुन्या स्पीकरमध्ये मागचे हे नॉब आतून गंजून ट्वीटर क्षीण किंवा मुका होणं ही ठरलेली तक्रार आहे. अ‍ॅम्प बंद ठेवून नॉब टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, जमलं तर काँटॅक्ट क्लीनर मारा. कुलपात घालायचं तेल नको.

नॉब नसेल आणि स्पीकर पंधरा-वीस वर्षांचा असेल तर फेरोफ्लुइड घट्ट झालं असण्याची शक्यता आहे. कॉइल थंड राहावी म्हणून चुंबकाच्या फटीत हे चुंबकीय तेल घालतात. उष्णतेने ते वर्षानुवर्षांत चिकट होतं आणि डोमला धरून ठेवतं. मीटरवर ट्वीटर निर्दोष असतो, म्हणून दोष सापडत नाही. दोन्ही बाजूंना सारखंच होतं, त्यामुळे फरकही जाणवत नाही. डायफ्रॅम (डोम आणि कॉइल मिळून होणारा भाग) स्क्रूने सुटणारी असेल तरच उपाय आहे: टिपकागदाच्या पट्ट्या फटीत फिरवून जुनं तेल काढा, पट्टी कोरडी आणि स्वच्छ येईपर्यंत. मग कंपनीने त्या मॉडेलला सांगितलेल्या प्रकाराचं आणि तेवढंच नवीन तेल घाला. अंदाजाने थेंब टाकू नका.

१४. मुलाने बोट लावून डोम आत चेपला. त्यामुळे बंद झाला का?

चेपल्याने आवाज बदलतो, सहसा बंद होत नाही. कापडी डोम चिकटपट्टी हलकी टेकवून वर खेचला की बहुतेकदा येतो. धातूच्या डोमला वळी राहते, आणि ओढाताणीत तो फाटतो. कॉइल वाकडी होऊन घासत असेल तर खरखर येते, तेव्हा बदलणंच बरं.

१५. नुसती डायफ्रॅम बदलू, की पूर्ण ट्वीटर? बाजारातला कुठलाही चालेल का?

त्या मॉडेलची मूळ डायफ्रॅम मिळत असेल तर तीच सर्वांत चांगली. चुंबक बिघडत नाही. दिसायला तशीच पण दुसऱ्या मॉडेलची डायफ्रॅम मध्यभागी बसत नाही आणि घासते.

दुसरा ट्वीटर लावायचा तर भोकाचा व्यास शेवटी बघा. आधी इम्पीडन्स, कारण ८ च्या जागी ४ लावला की क्रॉसओव्हरचा बिंदूच सरकतो. मग रेझोनन्स, म्हणजे ट्वीटर स्वतःहून थरथरतो ती वारंवारता: ती क्रॉसओव्हरच्या बिंदूच्या निम्म्याच्या खाली हवी, म्हणजे ३ किलोहर्ट्झला वूफर-ट्वीटर वेगळे होणाऱ्या स्पीकरसाठी १.५ किलोहर्ट्झपेक्षा कमी. मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठा वाजतो. नवा ८ ओहमचा ट्वीटर ३ डेसिबल चढा असेल तर २.२ ओहम रांगेत आणि त्यानंतर ट्वीटरला समांतर २० ओहम, दोन्ही ५ वॅटचे, लावले की जवळपास जुळतो. एकच बदलून दोन बाजूंना दोन जातीचे ट्वीटर ठेवू नका. जोडीच घ्या.

१६. ट्वीटरच्या तारा उलट लागल्या तर तो वाजणार नाही का?

वाजतो. फक्त क्रॉसओव्हरच्या आसपास वूफर आणि ट्वीटर एकमेकांना कापतात आणि आवाज पोकळ होतो. गंमत म्हणजे कित्येक स्पीकरमध्ये कंपनीच ट्वीटर मुद्दाम उलटा जोडते, कारण सेकंड-ऑर्डर क्रॉसओव्हरमध्ये (ट्वीटरला कॅपॅसिटर आणि समांतर कॉइल दोन्ही असलेल्या) तसंच जुळतं. म्हणून 'लाल तार प्लसला' असं डोकं न लावता फोटोत होतं तसंच लावा. टर्मिनल रुंद आणि अरुंद असतील तर रुंद सहसा प्लस.

१७. माझा ट्वीटर पिझो आहे, किंवा रिबन. मीटर वेगळंच दाखवतो.

पिझोमध्ये कॉइलच नसते, तो विजेच्या दृष्टीने एक छोटा कॅपॅसिटर आहे. मीटरवर चांगला पिझोही ओपन दिसतो. कपॅसिटन्सच्या रेंजवर ०.१ ते ०.३ मायक्रोफॅरडच्या आसपास काही आलं तर तो जिवंत मानायला हरकत नाही.

खरा रिबन याच्या उलट. त्याला आत ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून मीटर जवळजवळ शून्य दाखवतो आणि तो शॉर्ट नसतो. त्याला सेल कधीच टेकवू नका, पट्टी ताणली जाते.

१८. पॉवर्ड स्पीकर आहेत, आत अ‍ॅम्प असलेले. त्यांचा ट्वीटर बंद आहे.

दोन खोक्यांमध्ये साधी दोन तारांची वायर असेल तर दुसऱ्या खोक्यात साधा क्रॉसओव्हर आहे, वरचे सगळे प्रश्न लागू. चार पिनांची केबल असेल तर ट्वीटरला वेगळी तार आणि वेगळा अ‍ॅम्प असण्याची शक्यता आहे. तेव्हा आधी केबल, मग पिना. प्रत्येक खोक्यात स्वतःचा प्लग असेल तर मेन काढून काही मिनिटं थांबा, ट्वीटर सुटा करून प्रश्न ६ प्रमाणे मोजा. तो चांगला निघाला तर दोष अ‍ॅम्पच्या पाटीवर. तिथे मेनचा धोका आहे, काम मेकॅनिकचं.

१९. नवीन ट्वीटर यायला वेळ आहे. तोवर जळालेल्यासकट वाजवत राहिलो तर?

क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरसाठी नुसता एक कॅपॅसिटर असेल तर खुशाल वाजवा. कॅपॅसिटरनंतर समांतर कॉइलही असेल तर जपा. ट्वीटरचा भार गेल्यावर कॅपॅसिटर आणि कॉइल रांगेत उरतात, आणि त्यांच्या रेझोनन्सला अ‍ॅम्पला जवळपास शॉर्ट दिसतो, फक्त कॉइलचा अर्धा-एक ओहम. हळू आवाजात काही होत नाही, जोरात वाजवलं तर अ‍ॅम्प तापतो किंवा प्रोटेक्शनमध्ये जातो. चार टर्मिनलच्या स्पीकरवर दोन्ही पट्ट्या काढून वायर फक्त खालच्या जोडीला लावा. दोनच टर्मिनल असतील तर क्रॉसओव्हरवर ट्वीटरच्या भागाकडे जाणारी पहिली तार सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळा.